मानेवरचा मळ

टोप्या वाटल्या त्यांनी. ऊन अंगाला लागत नाही म्हणून पोरांच्या रक्तात काय कमी पडतंय, ते शोधायला राजधानीतून गाडी भरून माणसं आली आणि जाताना प्रत्येक पोराच्या डोक्यावर उन्हापासून वाचायला टोपी चढवून गेली. वर प्रत्येकाला एकेक खोकं आंब्याचा रस. रस कसला, साखरेचं पिवळं पाणी. फिओर्दालिसाला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी शंका घ्यायला तिला सवड नव्हती, ती मिरवण्यात गुंग होती.

साबाना चिका गावच्या दवाखान्यात तिला बावीस वर्षं झाली होती. लस टोचायची, वजन घ्यायचं, दारोदार फिरून गरोदर बायकांची नावं लिहायची, असलं तिचं काम. डॉक्टर बानी शहरातून आठवड्यात दोनदा येई. उरलेले पाच दिवस गावाचा डॉक्टर म्हणजे फिओर्दालिसा, सगळ्यांची फिओर. म्हणून राजधानीच्या डॉक्टर विलालोनाबाईंनी शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची साठ पोरं मागितली, तेव्हा साठ घरांच्या सह्या तिनेच गोळा केल्या.

"एक सुई तर टोचणार," ती प्रत्येक दारात सांगे. "व्हिटॅमिन, हृदय, साखर, सगळं बघणार आहेत. राजधानीतल्यांना मिळत नाही असलं."

शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. यानिरिस रांगेत तिसरी होती. अंगाने भरलेली, डोळ्यांनी गरीब. आजीच्या छत्रीखालून शाळेत आलेली. छत्री पावसाची नव्हे, उन्हाची. इथे मिठागरांवर सकाळी नऊलाच ऊन असं तापतं की कुत्रीसुद्धा भिंतीच्या कडेने चालतात, आणि या पोरीला वर्षानुवर्षं त्याचा कवडसाही लागलेला नव्हता. फिओरची नजर तिच्या मानेवर गेली. निळ्या शर्टाच्या कॉलरवर, मानेच्या मागे, काळपट जाडसर पट्टा होता. वरून पावडर थापली होती, पण घामाने तिचे ओघळ झाले होते.

फिओरला कसंतरीच झालं. पांढऱ्या कोटातली माणसं बघताहेत आणि आपल्या गावची पोर ही अशी! तिने रुमाल काढला, टोकाला थुंकी लावली आणि ती मान दोनदा खसाखसा पुसली.

"मान धुवायला पाणी नाही का गं घरी?" ती हळूच म्हणाली.

यानिरिसने मान खाली घातली. मळ काही निघाला नाही. पुढची पोर आली, तिच्या मागची आली, आणि संध्याकाळपर्यंत फिओर ते सगळं विसरूनही गेली. स्वतः फिओर मात्र आंघोळ झाली की गळ्यापासून मानेपर्यंत पांढरीफटक पावडर थापूनच घराबाहेर पडे, आणि कोटाचं वरचं बटण कितीही उकडलं तरी उघडत नसे. पावडर तर इथे सगळ्याच बायका लावतात, त्यामुळे कोणाला त्यात काही वाटायचं कारण नव्हतं.

एप्रिलात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या तोंडावर लिफाफा आला. साठ कागद, आणि सोबत एक पत्र: कागद घरोघर द्यावेत, ज्यांच्यात कमतरता दिसेल त्यांनी जवळच्या केंद्रात दाखवावं. जवळचं केंद्र म्हणजे कोण? फिओरच. बानीहून येणारा डॉक्टर पेगेरो सणाला घरी गेलेला. त्या पोराची नोकरीही एका वर्षापुरतीच होती, त्याला गावाची नावंसुद्धा नीट पाठ नव्हती. तेव्हा फिओर लिफाफा काखोटीला मारून निघाली.

यानिरिसच्या दारात ती पोचली तेव्हा दुपार कलत होती आणि तिच्या पायांत गोळे आले होते. यानिरिसची आजी लेओकादिया, मानाने सगळे तिला दोन्या म्हणत, अंगणात चुलीवर सणाची घेवड्याची खीर ढवळत होती. नारळाचं दूध, रताळी, आटवलेलं दूध आणि वर बिस्किटं. फिओरला साखरेचा आजार होता, पण गोळी सकाळीच घेतली होती. गोळी घेतली की खीर चालते, असा तिचा आपला हिशेब. तिने वाडगा पुढे केला.

"काय निघालं गं त्या कागदात?" लेओकादियाने विचारलं.

कागदावर अकरा ओळी होत्या. फिओरच्या तोंडात खिरीचा घास होता. तिने जी पहिली ओळ डोळ्यांपुढे आली ती वाचली.

"काही विशेष नाही, दोन्या. पोरीला व्हिटॅमिन कमी पडतंय."

बस्स, एवढंच बोलली ती.

"मी म्हणतच होते!" लेओकादियाने डाव भांड्यावर आपटला. "मिगेलिनाला फोनवर सांगून दमले, बाई, तुझी पोर नुसती वरवर गुबगुबीत आहे, आतून पोकळ. रक्तच पातळ तिचं. आता बघ तू. जुलैत तिची आई येईल तेव्हा पोर कशी करून दाखवते."

यानिरिसची आई मिगेलिना सहा वर्षं माद्रिदमध्ये होती. परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची आणि इथे आपल्या पोरीला फोनच्या काचेतून बघायची. जुलैत यानिरिसचं पंधरावं होतं, पंधरावा वाढदिवस. पंधरावं म्हणजे इथे लग्नाची रंगीत तालीम. घेरदार झगा, नाचणाऱ्या बारा जोड्या, केक, फोटो. लेओकादियाने मनात पक्कं ठरवून टाकलं होतं की लेक विमानातून उतरली की तिला दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत: पोरीच्या अंगावर मांस आणि पोरीच्या तोंडावर उजेड. सहा वर्षं दुसऱ्याची पोर सांभाळली त्याचा तोच पुरावा. म्हणून मैदानावर जायचं नाही, समुद्रावर जायचं नाही. सरळ केलेले केस घामाने पुन्हा कुरळे होतात म्हणून पळायचंसुद्धा नाही.

"उन्हात जाशील तर कोळसा होशील," लेओकादिया येताजाता ऐकवी. "तुझ्या बापाच्या वळणावर जायचंय का?"

हे बोलणारी लेओकादिया स्वतः तव्यासारखी काळी होती, आणि हे ऐकून मान हलवणारं अख्खं गाव तिच्याहून काळं होतं. चिकूच्या झाडाने चिकूच्या रंगाला नावं ठेवावीत तसला प्रकार. शिसारी यावी असलं बोलणं, पण इतकं रोजचं की कोणाला येत नसे. फिओरलाही आली नाही. तिने वाडगा चाटून पुसून ठेवला आणि पुढच्या दाराची वाट धरली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी तिला रस्त्यातच गाठलं. बाईंचं नाव नुरिस. त्यांना पोरांपेक्षा वह्यांची कव्हरं जास्त प्रिय.

"फिओर, त्या यानिरिसच्या घरी जरा समज द्या हो. पोर वर्गात बाकावर डोकं टेकून झोपते. घोरते! आणि मान? अहो, मान बघवत नाही. मी चिठ्ठी दिली घरी. नुसती तिलाच नाही, चार-पाच जणींना दिली. शाळा आहे की उकिरडा?"

फिओर गेली. पुढचं दार उघडंच होतं. मागच्या अंगणातून खर्र खर्र आवाज येत होता, करपलेल्या भाताचं भांडं घासताना येतो तसा. तिला वाटलं, लेओकादिया भांडी घासतेय.

ती घासत होती ती पोरीची मान.

यानिरिस पालथ्या बादलीवर बसली होती, डोकं गुडघ्यात घालून. लेओकादियाच्या एका हातात पिळलेलं लिंबू, दुसऱ्या हातात तारेची घासणी. बाजूला बशीत खायचा सोडा. मानेवरच्या काळ्या पट्ट्यावर तांबडे थेंब उभे राहिले होते, आणि म्हातारी त्यावर पुन्हा लिंबू पिळत होती. पोर ओरडत नव्हती. ती फक्त अंगठ्याने पायाखालची माती उकरत होती. लिंबाचा, घामाचा आणि रक्ताचा तो वास फिओरच्या नाकात शिरला. बावीस वर्षांत तिने फुटलेली गळवं पाहिली होती, जखमांतल्या अळ्या पाहिल्या होत्या. इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

"अहो काय करताय काय! ठेवा ती घासणी!"

"का ठेवू? शाळेतून चिठ्ठी आलीय, चिठ्ठी!" लेओकादियाचा आवाज चिरकला. "'स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.' माझ्या घराला! ज्या घरात फरशीवर सांडलेला भात उचलून खावा, त्या घराला! रोज घासते मी, फिओर, रोज. आणि हा मळ रोज नवा येतो. कुठून येतो गं, सांग मला? ही रात्री चिखलात लोळते की काय?"

"ऊठ गं," फिओर यानिरिसला म्हणाली.

पोर उठली, आणि फिओरने पहिल्यांदा तिला नीट पाहिलं. दोन महिन्यांत तिचा चेहरा पुरीसारखा फुगला होता. शर्टाची बटणं ताणली होती. डोळे अर्धे मिटलेले. ती रांजणाकडे गेली आणि एकामागून एक तीन पेले पाणी गटागटा प्यायली.

"पाणी बघ किती पिते," लेओकादिया कौतुकाने म्हणाली, जणू मघाचं काही झालंच नव्हतं. "आणि भूक! सकाळी केळ्याचा लगदा, चीज, तळलेलं सलामी. दहाला पुन्हा. दुपारी भाताची खरपुडीसुद्धा सोडत नाही. चौदा पौंड वाढली, चौदा! तुझीच कृपा."

"माझी कसली कृपा?"

"तूच नाही का सांगितलंस? व्हिटॅमिन."

लेओकादिया आत गेली आणि बाटली घेऊन आली. तपकिरी बाटली, वर हसऱ्या अस्वलाचं चित्र. फिओरने ती लगेच ओळखली.

त्या बाटलीला साबाना चिकात एकच नाव होतं: व्हिटॅमिन. हाडकुळ्या पोराला व्हिटॅमिन द्या. नवरी बारीक दिसते, लग्नाआधी महिनाभर व्हिटॅमिन द्या. मागचा भाग भरत नाही, व्हिटॅमिन घे. दोन चमचे पोटात गेले की अशी भूक सुटते की माणूस पातेलं खरवडतो, आणि खाऊन झालं की जागीच झोपतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि वरून दुकानदार डोळा मारून सांगतो, माल्टा या काळ्या गोड पेयाच्या बाटलीत आटवलेलं दूध घालून त्याबरोबर द्या, लवकर गुण येतो. फिओरला हे ठाऊक नव्हतं थोडंच! तिने स्वतःच्या भाचीला पाजलं होतं. लोक म्हणतात, एक अक्षर बदललं आणि ध चा मा झाला. इथे तर अक्षरही बदललं नव्हतं. तिने व्हिटॅमिन म्हटलं, म्हातारीने व्हिटॅमिन ऐकलं, आणि पोरीच्या घशात विष गेलं.

तिने बाटलीवरचं बारीक लिहिलेलं वाचलं. बी होतं, सी होतं, भुकेचं आणि झोपेचं औषध होतं. डी सोडून सगळं होतं.

"दोन्या, तो कागद कुठाय? एप्रिलात दिलेला?"

कागद आल्ताग्रासियाच्या मातेच्या तसबिरीमागे जपून खोचलेला होता. फिओरने तो उन्हात धरला आणि अकराच्या अकरा ओळी वाचल्या. व्हिटॅमिन डी, अकरा. असायला हवं निदान तीस. उपाशीपोटी साखर, जास्त. रक्तातली चरबी, जास्त. रक्तदाब, वयाच्या मानाने जास्त. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: मानेवर काळसर डाग — हो.

हो. म्हणजे त्यांनी पाहिला होता. पांढऱ्या कोटातल्या कोणीतरी या पोरीच्या मानेकडे वाकून पाहिलं, चौकोनात खूण केली आणि तिच्या हातात रसाचं खोकं दिलं. हा डाग काय आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो चौकोन त्या कागदावर होता. फिओर तोंडातल्या तोंडात अशी शिवी हासडून गेली की तसबिरीतल्या मातेपुढे तिला नंतर माफी मागावी लागली.

दुसऱ्या दिवशी तिने यानिरिसला डॉक्टर पेगेरोपुढे उभं केलं. पोरगेलासा, काटकुळा डॉक्टर. पण जे सांगितलं ते सरळ सांगितलं. हा मळ नाही. रक्तातली साखर जागच्या जागी जिरेनाशी झाली की कातडी अशी जाड आणि काळी होते. घासून जाणार नाही, कापूनही जाणार नाही. बाटली आजच्या आज बंद. रस, माल्टा बंद. रोज उन्हात पाऊण तास पायपीट, हातपाय उघडे टाकून. डीचे थेंब तो लिहून देईल. नुसत्या थेंबांनी हृदय सुधारतं का, यावर मोठी माणसं अजून भांडताहेत. पण अंगण आणि पाय वापरले तर सुधारतं, याबद्दल कोणाचं भांडण नाही.

"आणि नाही केलं तर?" फिओरने विचारलं.

"तर वर्षभरात तिला जन्माची साखर लागेल. पंधराव्या वर्षी लागलेली साखर म्हाताऱ्या माणसाच्या साखरेसारखी सबुरीने वागत नाही. मग हृदय, मूत्रपिंड, डोळे. तिसाव्या वर्षी ती पन्नाशीची होईल."

लेओकादिया हाताची घडी घालून ऐकत होती. घरी जाताना तिने छत्री उघडली आणि पोरीला आत ओढलं.

"त्या काडीपहिलवानाला काय कळतंय? स्वतःच्या अंगावर मांस नाही, दुसऱ्याच्या पोरीचं काढायला निघालाय. आणि उन्हात फिरव म्हणे! सहा वर्षांनी आई येणार, तिच्यासमोर कोळशाचं पोतं उभं करू?"

"दोन्या, निदान बाटली तरी—"

"तूच म्हणालीस दे, तूच म्हणतेस नको. आधी एक काय ते ठरव, मग माझ्या दारात ये."

फिओर लागोपाठ चार दिवस त्या दारात गेली, आणि चारही दिवस लेओकादियाने खिडकीतूनच सांगितलं की पोर झोपलीय. खरंच झोपलेली होती. बाटलीने झोपवलेली.

पाचव्या दिवशी राजधानीची गाडी पुन्हा आली.

दुसरी फेरी. तोच व्हरांडा, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, टोप्यांचं नवं खोकं. शाळेला सुट्टी लागायला आठवडा राहिला होता. आया आणि आज्या भिंतीलगतच्या बाकांवर वारा घेत बसल्या होत्या. लेओकादिया मांडीवर पिशवी आणि छत्री घेऊन सगळ्यांत पुढे. रक्त घ्यायच्या आधी एक तरुण सहायक प्रत्येक पोरीला टॅबवरचे प्रश्न विचारत होता. फिओर त्याच्या मागे उभी राहिली.

"मागच्या भेटीनंतर व्हिटॅमिन घेतलंस?"

"हो," यानिरिस म्हणाली.

"नियमित?"

"रोज. सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे."

"शाबास." त्याने बोट टेकवलं. टॅबवर हिरवी खूण उमटली.

फिओरने आदल्या पोरींची उत्तरं आठवली. नऊपैकी पाच जणी हो म्हणाल्या होत्या. पाचही जणी तिला नावानिशी ठाऊक होत्या. त्यांच्या घरांत एप्रिलात तीच कागद घेऊन गेली होती, आणि त्या दारांतही तिने तेवढंच सांगितलं होतं. ती पुढे सरसावली.

"अहो, कोणतं व्हिटॅमिन ते विचारा ना!"

सहायकाने टॅब वर-खाली सरकवला. "कोणतं, असा प्रश्न नाहीये यात."

डॉक्टर विलालोना पलीकडून आल्या. छान कातडी, तोंडाला उन्हाचं मलम, आवाज मधाळ. "काय झालं, फिओर्दालिसा?"

"बाई, या पोरी अस्वलाचं सिरप पितात. जाड व्हायचं. तुमच्या त्या 'हो'चा आणि डीचा काही संबंध नाही. ती खूण पुसा."

"उत्तर मुलीचं आहे. आम्ही ते बदलू शकत नाही."

"मग या पोरींची साखर वाढलेली निघाली की तुम्ही काय लिहिणार? की व्हिटॅमिन दिलं तरी पोरांचं हृदय सुधारत नाही?"

"आकडे जे सांगतील ते लिहू."

"तुमचे आकडे सिरप पिऊन झोपलेत, बाई!" बाकावरच्या दोघी-तिघी फिसकन हसल्या. फिओर हसली नाही. तिला त्या मधाळ आवाजाचा वीट आला होता, त्या मलमाचा, त्या टोप्यांचा. "आणि मानेवरचा डाग? चौकोनात 'हो' लिहिलंत. ठाऊक होतं तुम्हाला तो काय आहे. एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही? तिची आजी तारेच्या घासणीने घासतेय तिची मान. पोरीचं रक्त पाहिजे होतं ना तुम्हाला? ते तिकडे अंगणात वाहतंय!"

विलालोनाबाईंचा आवाज थोडा सुकला. "आमचं काम निरीक्षणाचं. उपचार केंद्राने करायचे. म्हणूनच सगळं लिहून कागद तुमच्याकडे पाठवला. तुम्ही वाचला नव्हता का?"

व्हरांड्यात कोणी हसलं नाही. फिओरने वाचला नव्हता. तोंडात खीर होती. आपल्याच तोंडाची अशी किळस तिला आली की जीभ खरवडून टाकावी.

ती वळली. रांगेत पोरी उभ्या होत्या. या उकाड्यात एकीने गळ्याला रुमाल बांधला होता. दुसरीने कॉलर ताठ उभी केली होती. तिसरीच्या मानेवर पावडरीचा जाड थर होता आणि थराच्या कडेला ओली तांबडी रेघ. नुरिसबाईंच्या चिठ्ठ्या पोचल्या होत्या तर घरोघर.

"घासू नका गं," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "ऐका सगळ्याजणी. मळ नाही तो. तुम्हाला कोणी सांगितलं तो मळ आहे म्हणून?"

"तुम्ही," यानिरिस म्हणाली.

ती रागाने बोलली नाही. झोपाळू, सपाट आवाजात, विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

"फेब्रुवारीत. इथेच. तुम्ही रुमालाला थुंकी लावून माझी मान पुसलीत, मावशी, आणि म्हणालात घरी पाणी नाही का. सगळे बघत होते. मी घरी जाऊन आजीला सांगितलं, माझी मान घास."

फिओरला आधी काही आठवेना. मग सगळं आठवलं, रुमालाच्या टोकासकट. तोच रुमाल आताही तिच्या खिशात होता.

तिने तो काढला, पाण्याच्या कॅनखाली भिजवला आणि गळ्याशी हात नेला. बावीस वर्षं न उघडलेलं कोटाचं वरचं बटण उघडलं. मानेवरची पावडर पुसली. रुमाल पांढरा झाला, आणि पावडरीखालून काळा, जाडसर, रेघारेघांचा पट्टा वर आला, कानामागपासून कानामागपर्यंत. पोरींच्या मानांपेक्षा जुना, एवढाच फरक.

ती यानिरिससमोर खाली बसली आणि मान वाकवली.

"बघ. तुझ्याएवढी असल्यापासून हा आहे. आधी माझी आजी घासायची विटेच्या तुकड्याने, मग मी लिंबाने. दर रविवारी. लाज वाटते म्हणून पावडर लावते. चौदा वर्षं झाली, साखरेच्या गोळ्या खातेय, लोकांना सुया टोचतेय, आणि हे नि ते एकच, हे मला परवा एका पोरसवद्या डॉक्टरने सांगेपर्यंत कळलं नाही. घासून गेला असता ना, तर माझा कधीच गेला असता गं."

यानिरिस खुर्चीवरून उठली. तिने फिओरच्या मानेवर बोट ठेवलं. आधी हळूच घासलं, मग जोर देऊन, नखाने. मग बोटाचं टोक उजेडात धरून पाहिलं.

"निघत नाही, आजी," ती बाकाकडे बघून म्हणाली. "काहीच निघत नाही."

लेओकादियाने आपले हात पिशवीखाली घातले. तिची नखं लिंबाने पिवळी पडली होती आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं तिकडेच आहे, असं तिला वाटलं असावं. मग उठली. पिशवीतून अस्वलाची बाटली काढली आणि त्या सहायकाच्या टॅबच्या काचेवर, हिरव्या खुणेवरच, ठक्क करून ठेवली.

"हे व्हिटॅमिन," ती म्हणाली. "मी पाजलं. तिने नाही घेतलं, मी पाजलं. लिही."

"आजी, यात तसं लिहायला जागा नाहीये हो," सहायक म्हणाला.

"मग कर जागा. तोवर ही पोर सुईला हात देणार नाही."

तिने नातीचा दंड धरला आणि दोघी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या. छत्री बाकावरच राहिली होती. फिओरने ती पाहिली, पण हाक मारली नाही.